नव्वद मीटरवरचा सातवा ठोका

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते त्यांतल्या चुका शोधण्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाला काही दिसलं की माझे प्रश्न ठरलेले असत – उजेड किती होता? अंतर किती होतं? आदल्या दिवशी झोप किती झाली होती? बहुतेक वेळा उत्तर लिहिणाऱ्याच्याच तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडायचं आणि मी समाधानाने पान उलटायचे. माझा अनुभवही तुम्ही तसाच वाचा. चूक सापडली तर मला जरूर कळवा. मला ती हवी आहे.

मी वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. केलं आहे. शाळांसमोरच्या रस्त्यांवर वाहनांचा वेग कसा कमी करायचा, हा माझा विषय. गेल्या वर्षी मला शहादा तालुक्यातल्या चार शाळांचं काम मिळालं. वेग मोजायचा, आराखडा करायचा, अहवाल द्यायचा. पहिला आराखडा मान्य झाला तर तोच नमुना म्हणून इतर शाळांना लागू होणार होता, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत माझ्या हातात कागदावरचा नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावरचा पुरावा असणार होता. मला ते हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

पहिली शाळा म्हसावदच्या रस्त्यावरच्या एका गावातली. गावाचं नाव देत नाही, कारण तिथे माझे मामा-मामी राहतात आणि मामेबहीण परी त्याच शाळेत तिसरीत आहे. रस्ता सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना शेतं. शाळेचं फाटक थेट डांबरावर उघडतं. फाटकापासून नव्वद मीटरवर एक कडुनिंब. चारशे मीटरवर पाटाचा अरुंद पूल, त्याच्या पलीकडे उसाचे फड. महिना जानेवारीचा, म्हणजे कारखान्याचं गाळप जोरात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्या आवाजात गाणी. मागून कुणी ओरडलं तरी त्याला ऐकू जाणार नाही. हे ट्रॅक्टर पाटाकडून येत, कडुनिंबाखालून, शाळेवरून पुढे कारखान्याकडे जात. शाळा सुटते पाच वाजता.

वेग मोजण्यासाठी मी रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या अंथरल्या. नळीवरून चाक गेलं की आतली हवा दाबली जाते आणि कडेच्या पेटीत एक ठोका नोंदवला जातो. दोन नळ्यांमधलं अंतर ठाऊक असतं. त्यावरून वेग आणि दिशा दोन्ही कळतात. अशा तीन जोड्या लावल्या – एक पाटाजवळ, एक कडुनिंबाखाली, एक फाटकाशी. कुत्रं, शेळी, एखादं पाऊल यांचेही हलके ठोके पेटी पकडते. ते गाळून टाकण्याची सोय संगणकात असते. मी ती लावली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझा मुक्काम मामीकडे होता. पहिल्या संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती, मी आकडे उतरवत होते.

"काय मोजी ऱ्हायनी व माय? ट्रॅक्टर?"

"वेग मोजते, मामी. पोरं रस्त्यावर येतात ना उसाच्या ट्रॉलीमागे."

मामी हसली. "आम्ही तं लई ऊस वढा! मी म्हसावदनी पोर. आमनी टोळीच व्हती पोरीसनी. एक जन दोन ट्रॉलीसना मझार दांडावर चढे, मोळी ढिली करे. खाले दुसरी वढे. मन्हा हात असा पक्का, का सर बी मालेच सांगेत – एक मन्हासाठी आन."

म्हणजे एकाने दोन ट्रॉल्यांना जोडणाऱ्या मधल्या लोखंडी दांड्यावर चढून मोळी सैल करायची आणि दुसऱ्याने खालून ऊस खेचायचा. खानदेशातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी हे केलेलं असेल. चालत्या गाडीत.

"मग या गावातली पोरं का ओढत नाहीत?" मी सहज विचारलं. दिवसभरात मला एकही पोर ट्रॉलीच्या जवळ जाताना दिसलं नव्हतं.

मामीचा थापणारा हात थांबला. "तू जेव. भाकर थंडी हुई ऱ्हायनी," ती म्हणाली. भाकरी अजून तव्यावर पडायची होती.

तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं, आणि ते चित्र चुकीचं होतं. मोटरसायकली, जीपा, एसटी – सगळं पन्नासच्या आसपास, कुणीही कुठेही कमी करत नव्हतं. हे अपेक्षितच होतं. पण साडेचार ते साडेपाच या तासात जाणारे उसाचे जोड-ट्रॉलीचे ट्रॅक्टर पाटाजवळ ताशी तीस किलोमीटर, कडुनिंबाखाली अकरा, आणि फाटकाशी पुन्हा तीस. प्रत्येक ट्रॅक्टर. हेच ट्रॅक्टर दुपारी तिथून तीसच्या वेगानेच जात होते. अशी घसरण आलेखात एकाच गोष्टीमुळे येते – रस्त्यावर गतिरोधक असेल तर. तिथे गतिरोधक नव्हता.

मी तीन मीटरची सरळ पट्टी घेऊन डांबर तपासलं. पट्टीखाली नाणंही सरकत नव्हतं. चढ नाही, वळण नाही, खड्डा नाही. कॅमेऱ्यातलं चित्रण सावकाश फिरवून पाहिलं. कडुनिंबाखाली येताच ट्रॅक्टरचं तोंड किंचित वर उचललं जायचं, मग खाली यायचं; मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. मोळ्यांचे शेंडे एकदा हलायचे. सपाट रस्त्यावर.

सलीमभाई शहाद्याचे. दोन हंगाम याच रस्त्यावर ट्रॅक्टर चालवतात. मी त्यांना थांबवून विचारलं, की कडुनिंबापाशी तुम्ही ब्रेक का लावता?

"आठे बिरेक कोन मारस, मॅडम?" ते हसले. "लोड गाडी शे. बिरेक मारा तं मांगली ट्रॉली मन्हा डोकावर ई जाई."

"पण वेग कमी होतो. माझ्याकडे नोंद आहे."

"तुमनं मशीनच बिघडेल व्हई मंग. दुकानदारले वापस करा."

थट्टा करून ते निघून गेले. त्या दिवशी पाच वाजून काही मिनिटांनी तेच परत आले, भरलेली गाडी घेऊन. मी कडुनिंबाखाली उभी राहून त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय ब्रेकवर नव्हता. ट्रॅक्टर मंदावला, उचलला गेला, खाली आला. सलीमभाईंनी मला हात केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीही जाणवलं नाही – धक्का बसलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

गाडी गेल्यावर रस्त्यावर एक ऊस पडलेला होता. एकच, अख्खा, शेंड्यासकट.

तोवर शाळा सुटली होती. पोरं दप्तरं उडवत, एकमेकांना ढकलत आली आणि त्या उसापाशी येताच सगळी रांग न सांगता वाकडी झाली. उसाला वळसा घालून पुढे पुन्हा सरळ झाली. कुणी खाली बघितलंही नाही. सहावी-सातवीतली दांडगी पोरंसुद्धा. जानेवारीच्या संध्याकाळी, फुकटचा ऊस, आणि शंभर पोरांतलं एक वाकत नाही... मला आकड्यांपेक्षा त्याचं जास्त नवल वाटलं.

मुख्याध्यापक सर याच वर्षी बदलून आलेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी जुनी रजिस्टरं काढून दाखवली. "मॅडम, आपल्या शाळेच्या एकाही विद्यार्थ्याला या रस्त्यावर कधी खरचटलंसुद्धा नाही. देवाची कृपा." पोलिसांकडच्या अपघातांच्या यादीतही या गावाचं नाव नव्हतं. म्हणजे धोका होता, घटना नव्हती. अशाच ठिकाणी काम करायला मला आवडतं.

मी ठरवून टाकलं. वाहनं आपोआप जिथे मंदावतात तिथेच गतिरोधक दिला तर चालकांचा विरोध कमी होतो, असा माझा तर्क होता. कडुनिंबाखाली, नव्वद मीटरवर. आधी तुकडे जोडून बसवायचा रबरी गतिरोधक लावून तीन दिवस चाचणी, मग पक्का. कच्चा आराखडा मी त्याच दिवशी पाठवून दिला.

रबरी तुकडे टेम्पोतून उतरवत असताना सुकीबाई आली. ही शाळेत पोषण आहार शिजवते. मूळची वर सातपुड्यातली, लग्न होऊन गावात आली त्याला तीस वर्षं झाली. गावात सगळ्यांशी अहिराणी बोलते, घरात आपली भाषा. हात पदराला पुसत ती थोडा वेळ बघत राहिली.

"ताई, तठे नको मांडू ते."

"का हो, आजी?"

"नको म्हनस ना मी. गेटजोडे मांड. नही तं मांडूच नको."

"कारण सांगा, मी बदलते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे. "तू शिकेल शे," एवढंच म्हणून ती गेली. मी वहीत लिहिलं – स्थानिक विरोध, कारण अस्पष्ट.

चाचणीचा पहिला दिवस. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. स्वच्छ ऊन होतं, वारा नव्हता. मी कडुनिंबापासून जेमतेम सात-आठ पावलांवर, वही हातात. पाटाकडून सलीमभाईंचा ट्रॅक्टर आला. समोर खराखुरा गतिरोधक दिसल्यावर त्यांनी या वेळी खरोखर ब्रेक लावला आणि तोंड वाकडं करून मला ऐकू जाईल असं म्हणाले, "लागनं तुमनं मशीन कामले!"

शाळेतून सुटलेली पोरं कडुनिंबापर्यंत आली होती. मी ट्रॅक्टरची चाकं बघत होते. पुढचं चढलं, मागचं चढलं. पहिली ट्रॉली चढली, कण्हल्यासारखी वाजली. मग मला परी दिसली.

ती रांगेतून बाहेर पडून रस्त्याच्या कडेने आली होती. दप्तर खाली ठेवलेलं. तिचा उजवा हात पुढे, तळवा उघडा, आणि नजर वर – दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीकडे, दांड्याच्या जरा वर. माणूस उंचावर उभ्या असलेल्या कुणाशी बोलताना मान जशी करतो, तशी मान. ती हसत होती. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या मोळीतून एक ऊस बाहेर सरकत होता. तो घसरून पडत नव्हता, बुडख्याकडून सरळ, आडवा, परीच्या हाताच्या दिशेने येत होता. अर्धा बाहेर आला तरी त्याचं टोक खाली झुकलं नाही. पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही नियमाने ते झुकायला हवं होतं.

परीने एक पाऊल पुढे टाकलं. दुसऱ्या ट्रॉलीचं पुढचं चाक गतिरोधकावर चढत होतं.

मी तिच्या कमरेला धरून मागे ओढलं. आम्ही दोघी कडेच्या मातीत पडलो. ऊस रस्त्यावर आपटला आणि चाक त्याच्यावरून गेलं. चरकात होतो तसा आवाज झाला.

"काय करत होतीस?" मी तिला गदागदा हलवत होते.

परी रडली नाही. तिला माझाच राग आला होता. "ताई, तू कशाला ओढलं? तो देत होता ना."

"कोण?"

"तो म्हने – मी धरस, तू वढ."

दांड्यावर कुणी नव्हतं. ट्रॅक्टर पुढे थांबला होता, सलीमभाई उतरून धावत आले होते. सलीमभाईंनी आणि मी, दोघांनीही ती फट नीट पाहिली. मी परीचं वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं, कारण काहीतरी लिहिणं मला शक्य होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. मामीलाही नाही. तिला फक्त परी चाकाजवळ गेली होती एवढं कळलं, आणि तिने परीला छातीशी धरून माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

त्याच दिवशी, उजेड असेतो, मी रबरी गतिरोधक स्वतःच्या हातांनी काढला. सुकीबाई येऊन शेजारी बसली आणि खिळे गोळा करू लागली.

"आता तरी सांगा," मी म्हणाले.

"तू समदासले काय इचारं? शाळाना पोऱ्याले काही व्हयनं का. नही व्हयनं. मंग कोन काय सांगी तुले?"

"मग कुणाला झालं?"

"कोपीवाला पोऱ्या व्हता. तो शाळाना नव्हताच."

पाटाच्या पलीकडे दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात – पाचटाच्या, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. डोंगरातली कुटुंबं चार-पाच महिने तिथे राहतात. तीन हंगामांपूर्वी त्यांतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा रोज पाच वाजता शाळेसमोर यायचा. त्याला गावाची बोली येत नव्हती, पण तो माकडासारखा चढायचा, म्हणून पोरं त्याला खेळात घ्यायची. दिवसभरातला तेवढाच त्याचा खेळ. त्या वर्षी कडुनिंबाखाली नवाकोरा पक्का गतिरोधक झाला होता. ट्रॅक्टर तिथे मंदावायचे, त्यामुळे दांड्यावर चढणं सोपं झालं होतं. एके दिवशी पहिली ट्रॉली गतिरोधकावरून उतरली आणि दुसरी चढण्याआधी दांड्याला हिसका बसला... दांड्यावर तोच होता. आईबाप त्याला घेऊन आपल्या पाड्यावर निघून गेले. तक्रार नाही, नोंद नाही. दुसऱ्या सकाळी गावातल्या बायांनी टिकाव घेऊन तो गतिरोधक उखडला. माझी मामी त्यांत होती. नंतर वरून नवं डांबर पडलं.

मी विचारला होता त्या प्रश्नाचं प्रत्येकाने खरं उत्तर दिलं होतं. प्रश्नच अपुरा होता.

मग मी संगणक उघडला आणि गाळलेले हलके ठोके परत आणले. जोड-ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला सहा आस, म्हणजे चाकांच्या सहा जोड्या, असतात – ट्रॅक्टरचे दोन, पहिल्या ट्रॉलीचे दोन, दुसरीचे दोन. सहा आस, सहा ठोके. पण कडुनिंबाखाली मंदावलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या नोंदीत सात ठोके होते. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे, म्हणजे दोन ट्रॉल्यांच्या मधे, एक हलका ठोका. पाऊल पडावं एवढा. चित्रणात त्या क्षणी नळीच्या आसपास कुणीही नव्हतं. मी तो आठवडाभर रोज स्वतःच गाळून टाकत होते.

इथे मी दोन गोष्टी करू शकत होते. सगळं यंत्राचा दोष म्हणून सोडून द्यायचं आणि आराखडा आहे तसा पुढे पाठवायचा, किंवा आराखडा मागे घ्यायचा आणि कारण काय द्यायचं ते नंतर बघायचं. परीचा पुढे केलेला तळवा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. मी आराखडा मागे घेतला. नवा उपाय सुचवला. शाळा सुटण्याच्या वेळी उसाचे ट्रॅक्टर गावात येऊच द्यायचे नाहीत. पाऊण तास पाटाच्या पुलापलीकडे उभे करायचे. सर तयार झाले, सलीमभाईंनी इतर ड्रायव्हरांना पटवलं. मला वाटलं, आपण भुताला नव्हे, अपघाताला उत्तर दिलं आहे. अभियंत्याचं कामच ते.

पहिल्याच दिवशी रस्ता रिकामा. पोरं पाच वाजता सुटली, हसत-खिदळत घरी गेली. सुकीबाई फाटकाशी पातेली पालथी घालत होती. मी कडुनिंबाखाली पेटीजवळ बसले होते. ठोका पडला की पेटीवर हिरवा दिवा लुकलुकतो.

पाच वाजून सात मिनिटांनी दिवा लुकलुकला.

रस्त्यावर काहीही नव्हतं. पान पडलं नव्हतं. मी नोंद बघितली. आधी शाळेच्या बाजूची नळी, मग पाटाच्या बाजूची. हलका ठोका, दोन्हींवर एकेक. वेग ताशी चार किलोमीटर – चालणाऱ्या माणसाचा. मी जोडणी तपासली, नळ्या तपासल्या, पेटी बंद करून चालू केली. सगळं ठीक होतं. आणि मग मला दिशा कळली. इतके दिवस प्रत्येक ठोका पाटाकडून शाळेकडे येणारा होता. हा उलटा होता.

पाटाजवळ ट्रॅक्टर उभे होते. आणि कोप्या होत्या. माझ्या नकाशात तिथे पाच लहान चौकोन होते. मी त्यांच्यापुढे 'तात्पुरती बांधकामं' असं लिहिलं होतं.

पाटापर्यंत तीनशे दहा मीटर. त्या वेगाने सुमारे साडेचार मिनिटं. त्यांतली दोन मी पेटी तपासण्यात घालवली होती. मी धावत सुटले.

पुलापलीकडे पाच ट्रॅक्टर ओळीने उभे. ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळत होते. पाऊण तास संपायच्या आधीच कंटाळून सलीमभाई आपल्या सीटवर चढले होते आणि इंजिन सुरू केलं होतं. गाण्याचा आवाज मला पुलावरूनच ऐकू येत होता. त्यांच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे, दांड्याला अगदी लागून, पाच-सहा वर्षांची एक मुलगी उभी होती. अनवाणी, विटक्या परकरात. उजवा हात वर, तळवा उघडा. मान वर. हसत होती. मागच्या मोळीतून एक ऊस तिच्याकडे सरकत होता.

मी ओरडले असणार. सलीमभाईंना गाण्यात काही ऐकू गेलं नाही; गिअर पडल्याचा आवाज झाला. मी दांड्यावरून पलीकडे पडत तिला उचललं आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा दांडा हिसका खाऊन पुढे सरकला. दोन ड्रायव्हरांनी धावत जाऊन सलीमभाईंना थांबवलं. ऊस मागे रस्त्यावर पडला होता.

मुलगी घाबरली नव्हती. परीसारखीच रागावली होती. ती मला काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा, फटीकडे बोट दाखवून. मला तिच्या भाषेतला एक शब्दही कळत नव्हता. सुकीबाई माझ्यामागून धावत आली होती. तिला धाप लागली होती. तिने मुलीला जवळ घेतलं, डोंगरातल्या आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. मुलीने उत्तर दिलं. सुकीबाईने दोन ट्रॉल्यांमधल्या फटीकडे पाहिलं.

"काय म्हणते ती?"

"म्हनस... वर एक पोऱ्या शे. तो सांगस – मी धरस, तू वढ."

ती मुलगी आणि परी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. त्यांना एकमेकींची भाषा येत नाही. आणि परीचं वाक्य माझ्या वहीबाहेर कुठेही गेलेलं नव्हतं.

माझ्या अंतिम अहवालात गतिरोधक नाही. त्यात लिहिलं आहे, की दुपारी साडेचार ते साडेपाच भरलेले ट्रॅक्टर फडातून निघूच नयेत आणि मुलं जिथे असतील तिथे कुठेही उभे राहू नयेत. मुलं मोजताना शाळेच्या पटावर नसलेलीही मोजावीत. कोप्यांतली मुलं मी स्वतः मोजून, नावांसकट लिहिली. आराखडा नमुना म्हणून स्वीकारला गेला नाही. 'तांत्रिक कारण अपुरं' असा शेरा आला, आणि तो योग्य आहे. मुलाखतीत मला विचारलं, की आधीचा इतका चांगला पर्याय तुम्ही का सोडलात? मी म्हणाले, माझ्या नमुन्यात मुलं कमी होती. निवड झाली नाही.

नळ्यांत दोष आहे का, ते मी तज्ज्ञांकडून तपासून घेतलं आहे; नव्हता. सामूहिक भास म्हणावा, तर पेटीला भास होत नाही. ड्रायव्हरांची सवय म्हणावी, तर उसाचं टोक हवेत कुणी धरलं होतं?

यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. परी फोनवर सांगते, आता कडुनिंबाखाली ऊस पडत नाही, आणि पोरांची रांग सरळ जाते. मला बरं वाटलं होतं. पण परवा सलीमभाईंचा फोन आला. कारखान्याबाहेर वजनासाठी लांब रांग असते, ट्रॅक्टर तास-तास उभे राहतात. तिथे रोज पाचच्या सुमाराला त्यांच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे एक ऊस पडलेला असतो. अख्खा, शेंड्यासकट.

"सलीमभाई, तिथे मुलं असतात का?" मी विचारलं.

"ऊसतोड टोळीवालासनी पोरे ऱ्हातीस ना, मॅडम," ते म्हणाले. "पन त्यासले कोन मोजस?"

उद्या सकाळच्या गाडीने मी नळ्या घेऊन तिकडे निघाले आहे. हलके ठोके आता मी गाळत नाही.